उघडता येणारा जोड

आमच्या घरात एक व्हायोलिन होतं आणि ते आमचं नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील जनार्दन, कुणी त्याचं कौतुक केलं की आधी हेच सांगायचे. "ठेव आहे. मालक यायचेत." मालक गेले होते १९४० साली.

सांगलीकडच्या एका छोट्या संस्थानाचा बँड होता आणि त्या बँडला कार्लो नावाचा इटालियन मास्तर होता. माझे आजोबा त्याच्या हाताखाली क्लॅरिनेट वाजवायचे. लढाईत इटली इंग्रजांच्या विरुद्ध गेली, तेव्हा कार्लोला तासाभराची मुदत देऊन कैद्यांच्या छावणीत नेलं. जाताना त्याने व्हायोलिनची पेटी आजोबांकडे दिली. परत येईपर्यंत सांभाळ म्हणाला, आणि नुसतं ठेवू नकोस, वाजव. तो परत आला नाही, त्याचं पत्रही आलं नाही. आजोबा चाळिशीत व्हायोलिन शिकले ते केवळ त्या शब्दाखातर. नाना त्याच व्हायोलिनवर सहाव्या वर्षी शिकले आणि पुढे एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवत राहिले. मी शिकले नाही. नानांनी कधी आग्रह केला नाही, आणि मला वाटतं, मी शिकावं ही इच्छा, तेवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवून ठेवली.

व्हायोलिनच्या वरच्या फळीला इंग्रजी एफसारखी दोन भोकं असतात. त्यातून डोकावलं की आत एक पिवळी चिठ्ठी दिसायची. 'जाकोमो बोस्कोनी, १७९१.' पाठीवर, मान जिथे जोडलेली असते तिथे, ज्वारीच्या दाण्याएवढी तांबूस लाकडाची एक टिकली बसवलेली होती. आमच्याकडे तिला टिळा म्हणायचे.

आई गेली आणि २००३ मध्ये मी नानांना माझ्याकडे आणलं. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. तिथली भाडी परवडण्यासारखी असली तरी नानांना सहाव्या मजल्यावर कोंडल्यासारखं झालं असतं, म्हणून घोटावड्यात दोन खोल्या घेतल्या. घरमालक कोंडिबा. त्यांनी रस्त्याकडची पट्टी एका कारखान्याला दिली होती आणि आलेल्या पैशांत पाच खोल्या बांधून भाड्याने लावल्या होत्या. मागचं भाताचं खाचर मात्र अजून स्वतः करायचे. अंगणाच्या पलीकडे त्यांचं घर, त्यात ते आणि त्यांची बायको धोंडाबाई.

आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी नानांनी पेटी उघडली. थोड्या वेळाने बघते तर कोंडिबा उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभे.

"मास्तर, ह्ये काय म्हनायचं? मानूस बोलल्यावानी वाटतंया."

"बसा की," नाना म्हणाले.

ते बसले, आणि मग रोज चारला येऊन बसू लागले. गावच्या भजनात ते पखवाज वाजवायचे, त्यामुळे त्यांचा कान तयार होता. नाना वाजवायचे, कोंडिबा मांडीवर हलकी थाप देत राहायचे, मग चहा. दोघांत बोलणं फारसं नव्हतं. नानांना शेतीतलं कळायचं नाही आणि कोंडिबांना रागांची नावं पाठ व्हायची नाहीत. पण एखाद्या दिवशी कोंडिबा पौडला कचेरीत अडकले तर नाना पेटीच उघडायचे नाहीत.

कोंडिबांची एक सवय होती. मोडलेली वस्तू त्यांना बघवायची नाही. आमच्या दाराची कडी, शेजारच्या भाडेकरूच्या पोराची सायकल, माझ्या छत्रीची काडी, सगळं न सांगता दुरुस्त होऊन यायचं. विचारलं तर म्हणायचे, "हात रिकामा बसत न्हाई."

२००५ च्या मार्चमध्ये एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवर बोस्कोनी हे नाव टाकून पाहिलं. इटलीतल्या एका लहान गावातलं व्हायोलिनचं दुकान सापडलं. मी चार ओळी लिहिल्या, व्हायोलिनचे फोटो जोडले, टिळ्याचाही एक जोडला, आणि विसरून गेले. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण लांबलचक. ते कागदावर छापून मी घरी आणलं आणि नानांना मराठीत वाचून दाखवलं.

लिहिणारी एलेना बोस्कोनी. वय एकसष्ट. लग्न केलेलं नाही, भावंडांपैकी कुणी धंद्यात नाही, दुकानात ती एकटी.

'आमच्या घरात,' तिने लिहिलं होतं, 'बापाचे हात थरथरायला लागले की तो एक शेवटचं व्हायोलिन करतो, मुलाबरोबर. पाठ बापाने करायची, वरची फळी मुलाने. सगळं जोडायच्या दिवशी मुलगा दुकानाबाहेर थांबतो. बाप त्या फळीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने मुलासाठी चार ओळी लिहितो आणि एकटाच ती चिकटवून टाकतो. मुलाने त्या वाचायच्या नाहीत. पुढे कधीतरी ते वाद्य दुरुस्तीला परत येतं, उघडतं, तेव्हा घरातलं जे कुणी असेल ते वाचतं, खाली आपलं नाव लिहितं आणि पुन्हा बंद करतं. अशी सात व्हायोलिनं झाली. चेरीच्या लाकडाची ती टिकली ही त्यांची खूण. सहा उघडली गेली, त्यांतल्या ओळी मला पाठ आहेत. सातवं म्हणजे खरं तर पहिलं, जाकोमोचं. फ्रेंच सैन्य आलं त्या सालांत ते पोटासाठी विकावं लागलं. त्याच्या मुलाने ते जन्मभर शोधलं. मधल्या दोनशे वर्षांत ते कुणी उघडलं असेल तर त्या माणसाला वाचायला मिळालं असेल. आम्हाला नाही.'

नाना चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे पत्र आहे. दुसऱ्याचं पत्र वाजवत बसलो की आपण, दोन पिढ्या."

पत्रात शेवटी एक विनंती होती. 'आमचा सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, मुद्दाम कच्चा असतो. जोड लाकडापेक्षा पक्का करायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. कोमट पाणी आणि पातळ सुरी, एवढ्यावर तो सुटला पाहिजे, कारण नंतर येणाऱ्याला आत जाता आलं पाहिजे. मी जानेवारीत येते. तोवर कृपा करून त्याला कुणाला हात लावू देऊ नका.'

नानांनी तो कागद पेटीत ठेवला. त्यानंतरचे चार महिने ते वेगळेच होते. संध्याकाळी वाजवून झालं की व्हायोलिन कानाशी धरून बोटाने टकटक करायचे. आत काय लिहिलं असेल याचे अंदाज आम्ही जेवताना बांधायचो. मी म्हणायचे, दुकान नीट चालव, उधार देऊ नकोस, असलंच काहीतरी असणार. नाना म्हणायचे, नाही, लहानपणी मारलं त्याची माफी मागितली असेल.

हे सगळं आम्ही कोंडिबांना सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. इटलीची बाई व्हायोलिन बघायला येणार आहे एवढं त्यांना माहीत होतं. सरसाचं, आतल्या ओळींचं कसं सांगायचं, आणि कशासाठी सांगायचं, असं वाटलं असेल. मी याचा पुढे खूप विचार केला. सांगायला दोन मिनिटं लागली असती.

त्या वर्षीच्या जुलैतला पाऊस सगळ्यांना आठवत असेल. घोटावड्यात भिंतींना आतून पाणी सुटलं. कपड्यांना, पुस्तकांना, गादीला वास. ऑगस्टच्या सुरुवातीला व्हायोलिनची कड सुटली. वरची फळी एका बाजूला चार बोटं लांबीत उचलली गेली, पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट पडली. मी घाबरले, नाना मात्र खूश झाले. "बघ, आपणहून सुटतंय. तिचं काम सोपं झालं." त्यांनी तारा ढिल्या केल्या, वाद्य पेटीत ठेवलं आणि वर एक जुनी शाल टाकली.

नऊ तारखेला सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते तसेच खाली बसले.

पुण्यातल्या हॉस्पिटलात आम्ही तेवीस दिवस होतो. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. बोलणंही गेलं होतं. दहाव्या दिवशी त्यांच्या तोंडून एक शब्द आला, "उद्या". मी आनंदाने डॉक्टरांना बोलावलं. मग लक्षात आलं की तो एकच शब्द आहे. पाणी हवं तरी उद्या, कूस बदलायची तरी उद्या, मी रडले तेव्हाही माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून उद्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. समजतं सगळं, बाहेर मात्र एकच शब्द येतो.

कोंडिबा एकदा भेटायला आले. दोन बस बदलून, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि नानांचे पाय दाबत राहिले. निघताना मला म्हणाले, "पोरी, माज्याजोगं काय काम आसंल तर सांग. नुसतं बसवत न्हाई बग घरी."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "घर उघडत जा, कोंडिबा. वारं लागू दे. सगळीकडे ओल आलीय, वस्तू खराब होतील."

हेच माझे शब्द होते.

एक सप्टेंबरला आम्ही घरी आलो. गाडीतून नानांना उतरवलं तेव्हा धोंडाबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. कोंडिबांनी नवी टोपी घातली होती. नानांना खुर्चीत बसवल्याबरोबर ते आत गेले आणि धुतलेल्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन आले, तान्हं मूल आणावं तसं.

"मास्तर, बगा."

व्हायोलिन चकाकत होतं. फट गेली होती. कडेची एकही रेघ दिसत नव्हती. दोनशे वर्षांचा तो मधासारखा रंग होता, त्याच्यावरून दाराला लावतात तसल्या पॉलिशचा हात फिरला होता.

"आठ दिस लागलं," कोंडिबा सांगत होते. "पेटी उघडली तर ह्येचं त्वांडच उगडं. म्हनलं, मास्तर यायच्या आत ह्ये झालंच पायजे. जुना डिंक निस्ता भुगा हुता, खरवडून काढला. कारखान्यात फर्निचरवाले आल्यात न्हवं, त्येंच्याकडनं ह्यो पांढरा गम आनला. पान्यात बुडवा, सुटायचा न्हाई. जितं जितं शंका आली तितं त्या भोकातनं आत बी सोडला. आन् सायकलच्या ट्यूबनं चार दिस आवळून ठिवलं. आता पाऊस येऊंद्या न्हाईतर काय बी येऊंद्या."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी नानांकडे बघायचं टाळत होते.

नानांनी डावा हात पुढे केला. कोंडिबांनी व्हायोलिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. नानांनी बोटाच्या पेराने वरच्या फळीवर टकटक केलं. आवाज आला तो कपाटाच्या दारावर वाजवल्यासारखा. त्यांनी जरा सरकून पुन्हा वाजवलं, मग तिसऱ्या ठिकाणी. मग हात तिथेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि नानांचं तर काय, त्यांच्याकडे एकच शब्द होता.

"उद्या," ते म्हणाले.

"व्हय व्हय, उद्या वाजवा," कोंडिबा घाईने म्हणाले. "कायबी गडबड न्हाई. हात येईल ताळ्यावर."

एलेनाला मी तीन वेळा पत्र लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. शेवटी ऑक्टोबरात लिहिलं, सगळं, कुणी केलं आणि का केलं तेही. बारा दिवस उत्तर नाही. मग दोनच वाक्यं आली. 'तिकीट काढलेलं आहे. मी येते.'

ती आली त्या दिवशी जानेवारीचं छान ऊन होतं. मी तिला पुण्याहून गाडीने आणलं. बुटकी, कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि हत्यारं गुंडाळलेलं एक कापड. ओसरीवर उजेड चांगला होता म्हणून टेबल तिथे मांडलं. नाना खुर्चीत. कोंडिबा आणि धोंडाबाईही आले. लांबून आलेली बाई आपलं काम बघणार म्हणून कोंडिबांनी मिशा कातरून घेतल्या होत्या.

एलेनाने आधी वाद्य पालथं करून टिळा पाहिला. त्यावरून बोट फिरवलं. मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि बारीक दिवा काढला आणि भोकातून आत बघत राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"या, बघा," ती मला म्हणाली.

मी डोळा लावला. आरशात फळीची आतली बाजू दिसत होती. पांढऱ्या गमाचे ओघळ वाळून त्याचा थर झाला होता, ठिकठिकाणी दुधाळ, ठिकठिकाणी फेसाळ. एका कडेला, थर संपतो तिथे, पेन्सिलीची तिरपी अक्षरं होती. दोन लहान शब्द. त्यापुढचं सगळं थराखाली गेलं होतं.

"काय लिहिलंय?"

"'माझ्या'," ती म्हणाली. "दोन शब्द मिळून एवढंच. 'माझ्या' कुणाला, ते पुढे आहे."

मी नानांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग एलेनाने कापडातून पातळ सुरी काढली. खालच्या कडेला एक जागा निवडली, वाटीतलं कोमट पाणी ब्रशने लावलं आणि थांबली. पुन्हा लावलं. सुरीचं टोक जोडावर टेकवून केसभर दाबलं. काहीच झालं नाही. आणखी किंचित दाबलं, तेव्हा बारीक कट्ट आवाज आला. तिने सुरी लगेच उचलली. सुरीच्या टोकाला लाकडाचा एक तंतू चिकटून आला होता. जोड जसाच्या तसा होता, लाकूड सुटलं होतं.

तिने तो तंतू तळहातावर घेतला, सुरी पुसली आणि परत कापडात ठेवली.

"नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "उघडायला गेलं तर फळी फाटेल. आधी लाकूड जाईल, मग अक्षरं, आणि गम शेवटी. माझ्या आजोबांनाही जमलं नसतं."

"काय म्हनत्यात बाई?" कोंडिबा पुढे सरकले. "काम कसं झालंय? इचार की."

मी एलेनाकडे पाहिलं. तिने कोंडिबांकडे पाहिलं, त्यांच्या हातांकडे पाहिलं. हे तेच, हे तिला सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मी चाळीस वर्षं हे काम करते. जोड स्वच्छ आहे. खूप चिकाटीने केलाय."

"जोड स्वच्छ झालाय म्हणतात," मी सांगितलं. "चिकाटीने केलाय म्हणतात."

कोंडिबांनी हात जोडले. पण त्यांची नजर हत्यारांच्या कापडावर होती.

"मंग सुरी कशापायी लावली?"

एलेना कापड गुंडाळू लागली.

"उगडायचं हुतं व्हय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. "मास्तर, ह्ये उगडायचं हुतं?"

नाना डावा हात हलवत म्हणाले, "उद्या, उद्या." काहीतरी वेगळं म्हणायचं होतं त्यांना, जोर करून चेहरा लाल झाला होता, पण तेवढंच बाहेर आलं. धोंडाबाईंनी नवऱ्याची बाही धरली. "चला घरी," त्या म्हणाल्या. "चला म्हनते ना."

ते गेले नाहीत. अंगणात उतरून उभे राहिले, आणि मला तिथे जाऊन सांगावं लागलं. सरसाचं, पहिल्या धड्याचं, फळीच्या आतल्या ओळींचं.

"आत लिवल्यालं हुतं?"

"हो."

"कुनी?"

"बापानं. मुलासाठी."

"आन् ती बाई त्येच वाचाया आल्ती? एवढ्या लांबनं?"

मी मान डोलावली. कोंडिबांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते कुणा दुसऱ्याचे असावेत, आणि घराकडे चालू लागले. चपला आमच्या पायरीपाशीच राहिल्या.

संध्याकाळी एलेना निघाली तेव्हा नानांनी डाव्या हाताने पेटी तिच्याकडे ढकलली. मी म्हटलं, "ते म्हणतायत, घेऊन जा. तुमच्या घरचं आहे. आमच्याकडे ठेव होती." एलेनाने पेटीवर हात ठेवला. मग तिने पेटी परत नानांच्या बाजूला सरकवली.

"मी नेलं तर रोज समोर दिसेल," ती म्हणाली. "एक दिवस मला राहवणार नाही आणि मी ते फोडेन. मी स्वतःला ओळखते." गाडीत बसल्यावर ती रडली. बाहेर कारखान्याची पाळी सुटली होती, माणसं डबे घेऊन घरी निघाली होती. मी तिच्या बाजूची काच वर केली.

त्या दिवसापासून कोंडिबा आमच्याकडे आले नाहीत.

नाना चार वाजले की दाराकडे तोंड करून बसायचे. साडेचारला माझी कामवाली चहा द्यायची, तो निवून जायचा. मी दोन-तीनदा बोलवायला गेले. कोंडिबा ओट्यावर पाठ करून बसलेले असायचे.

"कोंडिबा, नाना वाट बघतात."

"कुटल्या त्वांडानं यिऊ?"

"ते रागावलेले नाहीत."

"तुला काय ठावं? त्येंना बोलता येतंय का?"

नाना रागावले होते की नाही हे मलाही माहीत नव्हतं. मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, उद्या.

धोंडाबाईंनी मला गोठ्यामागे नेऊन सांगितलं, "कशालाच हात लावत न्हाईत बग. गोठ्याचं दार निखळून आठ दिस झालं, गाय बाहीर जातीया, ह्ये बगत बसत्यात. म्हनत्यात, माज्या हाताला आता काय द्यायचं न्हाई. भजनाला बी जाईनात. मी म्हातारीनं काय करू सांग." दार खरंच एका बिजागरीवर लोंबत होतं. मीच ते उचलून दोरीने बांधलं. संध्याकाळपर्यंत सुटलं.

पंचवीस-तीस दिवस असे गेले. फेब्रुवारीतला एक शनिवार. मी बाजार करून आले तर नानांची खुर्ची रिकामी. बाहेर धावले तर नाना अंगणाच्या मधोमध. डाव्या हातात काठी, उजवा पाय मातीत रेघ ओढत येत होता. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, श्वास घ्यायचे. कामवाली म्हणाली, "मी धरायला गेले तर काठी उगारली."

मीही धरलं नाही. आमच्या दारापासून कोंडिबांच्या ओट्यापर्यंत चाळीसेक पावलं असतील. नानांना पाव तास लागला. कोंडिबांची पाठ होती. काठीचा आवाज त्यांना येत असणार, पण ते वळले नाहीत. नाना ओट्याशी पोचले, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, आणि अर्धे बसले, अर्धे पडले. तेव्हा कोंडिबांनी चटकन वळून त्यांना काखेत धरलं आणि भिंतीला टेकवून बसवलं.

"मास्तर," ते म्हणाले, "एक डाव शिवी तरी घाला. मनात काय हाय त्ये तरी कळूंद्या."

नानांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मान हलली. मी ओट्याखाली उभी होते आणि देवाला म्हणत होते, आज एवढा एक दुसरा शब्द दे, कुठलाही दे.

"उद्या," नाना म्हणाले.

कोंडिबा रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. नानांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. एका बाजूचा चेहरा रडत होता, दुसरी बाजू तशीच. धोंडाबाई बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं, आत गेल्या आणि पावट्याच्या शेंगांनी भरलेलं सूप आणून दोघांच्या मधे ठेवलं. "सोला," म्हणाल्या, "रातच्याला आमटी करायचीय."

नानांनी एक शेंग उचलली. एका हाताने ती सोलता येईना. दाबली तर निसटून ओट्याखाली गेली. दुसरी घेतली, तीही गेली. तिसरी त्यांच्या बोटांत असताना कोंडिबांनी ती काढून घेतली, अंगठ्याने फोडली आणि उघडी शेंग त्यांच्यापुढे धरली. नानांनी आतले दाणे बोटाने एकेक करून काढले आणि सुपात टाकले. काही सुपात पडले, काही बाहेर. बराच वेळ ते दोघे तेच करत राहिले. कोंडिबांचं रडणं थांबलं नव्हतं. मधेच बाहीने नाक पुसायचे आणि पुढची शेंग फोडायचे.

मी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि ओट्याखाली सांडलेले दाणे वेचायला लागले.